गणिताचा पेपर आणि निंबा आबा

"कुंदे, चप्पल काढ. निंबा आबा गेला!"

बेबाबाईंनी उंबऱ्यातच सुनेचा हात धरला. कुंदा असोद्याहून जळगावची एसटी धरायला निघाली होती. बी.एस्सी.चे बाकी सगळे पेपर झाले होते. आज अकराला गणिताचा, शेवटचा.

"पण आत्याबाई, माझा पेपर..."

"पेपर पुढल्या साली येईन, म्हातारा येईन का? भाऊकीत मयत अन् आपली सून कॉलेजात! लोकं तोंडात शेण घालतीन."

आता पुढलं साल कुठून आणायचं? लग्नाच्या बोलणीतच सासऱ्यांनी बजावलं होतं, "एवढी एक परीक्षा देऊ देतो. मंग कॉलेजचं नाव काढायचं नाही." कुंदाने नवऱ्याकडे पाहिलं. अभिमन माणूस भला, पण आईपुढे त्याची मांजर व्हायची. त्याने खांद्यावर टॉवेल टाकला नि लाकडं रचायला निघून गेला. झालं!

निंबा आबांशी तिची ओळख ती किती? लग्नानंतर एकदा पाया पडली होती, तेवढीच. त्यांच्या ओसरीत बायकांचा नुसता आकांत चालला होता. नवी बाई आली की गळ्यात पडायचं आणि हेल काढून रडायचं, ही रीत. कुंदाला रडू कुठलं यायला! पदराआड, गुडघ्यावर बोट फिरवत तिने समीकरण मांडलं. एक्स गुणिले डीवाय बाय डीएक्स, अधिक दोन वाय, बरोबर एक्सचा वर्ग. आधी एक्सने भागायचं. पोरं इथेच घाई करतात आणि आपटतात. मग इंटिग्रेटिंग फॅक्टर. तो आला एक्सचा वर्ग. त्याने दोन्ही बाजू गुणायच्या...

"माय वं, देवमाणूस गेला वं!" नुकत्याच आलेल्या शेजारच्या शेवंताबाई धाडकन तिच्या गळ्यात पडल्या. गणित विस्कटलं. त्या बाजूला होताच कुंदाने पुन्हा पहिल्यापासून धरलं. भागलं, गुणलं, इंटिग्रेशन केलं. आलं! वाय बरोबर एक्सचा वर्ग भागिले चार, अधिक सी भागिले एक्सचा वर्ग. सी सुद्धा विसरली नव्हती. केवढा आनंद झाला बाई तिला! अस्सं लिहून आली असती.

तेवढ्यात आतल्या घड्याळात अकराचे टोले पडायला लागले. तिकडे पेपर वाटत असतील. तिचा बाक रिकामा असेल.

कुंदाच्या पोटातून असा हंबरडा फुटला की बाकीच्या बायका रडायच्या थांबल्या.

"पाह्य वं बेबा," शेवंताबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तीन महिन्यांची सून, पण केवढा जीव व्हता तिचा आबावर!"

बेबाबाईंना भरून आलं. त्यांनी सुनेला जवळ ओढून पाठीवरून हात फिरवला. "रड माय, रड," त्या म्हणाल्या, "मन मोकळं कर."

कुंदा रडत राहिली. त्या दिवशी त्या घरात रडायला कोणाची मनाई नव्हती.