शेठजींनी दिलेला पट्टा

मित्रांनो, मला लोक कपड्यांखाली लपवतात, म्हणून तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. मी अंतर्गळाचा एक जुना पट्टा आहे. वरून कातडं, आत पोलादी पट्टी आणि एका जागी तळहातात मावेल एवढी लोकर भरलेली गादी. मुंबईच्या एका कारागिराने मला एका पारशी शेठजींच्या मापाने शिवलं.

माझं काम कळायला पोटाची रचना थोडी माहीत हवी. आपलं आतडं म्हणजे एक लांब, मऊ नळी. ती पोटात वेटोळी घालून असते आणि तिच्यापुढे स्नायूंची भिंत असते. जांघेजवळ ही भिंत मुळातच पातळ. ओझ्याने, खोकल्याने तिथे फट पडली की आतड्याचं एखादं वेटोळं कातडीखाली येतं आणि गाठ दिसते. त्यालाच अंतर्गळ म्हणतात. माणूस आडवा झाला की गाठ बहुधा आत जाते. मग माझी गादी फटीवर बसवायची आणि नंतरच उठायचं. फट मी बुजवत नाही, नुसतं दार लोटून धरतो. ती बुजवायला शस्त्रक्रिया लागते.

शेठजींनी ती करून घेतली. पुढच्या उन्हाळ्यात ते माथेरानला आले, तेव्हा मी त्यांच्या ट्रंकेत नुसताच पडून होतो. त्यांची हातरिक्षा पुढून ओढणारा कमळ्या हा डोंगराखालच्या वाडीतला ठाकर. मागून ढकलायला त्याचा दोस्त सखा आणि आणखी एक गडी. चढावर कमळ्या सारखा जांघेवर हात दाबत होता. शेठजींच्या ते ध्यानात आलं. उतरल्यावर त्यांनी मला कमळ्याच्या हाती दिलं आणि कसं बांधायचं ते समजावलं.

"मला आता हा नको. आपण तर चिरून शिवून घेतलं."

"लय दुखतं का, शेट?"

"काय ठाऊक? मी तर झोपलेला होता. तू पण करून घे."

"हंगाम सरू द्या," कमळ्या म्हणाला.

नेरळच्या चांभाराने मला आखूड केलं, नवी भोकं पाडली. मग माझे कामाचे आणि कौतुकाचे दिवस आले. "ह्यानं तारलं बघ मला," असं कमळ्या बायकोला, आवडीला, सांगायचा. ती मला तेलाचा हात लावून वळचणीला टांगायची. पण हंगाम सरला की भाताची लावणी यायची, भात झालं की लाकडं, आणि लाकडं झाली की पुन्हा हंगाम. ओझं थांबत नव्हतं. गादीखालची फट रुंद होत चालली होती, ते मला कळत होतं.

वाडीत कमळ्या मला आडवा पडूनच बांधी. हंगामात मात्र सगळे रिक्षावाले हॉटेलामागच्या पडवीत ओळीने झोपत. सकाळी सखा सगळ्यांच्या आधी उठून रिक्षाच्या दांडीपाशी उभा राही.

"काय रं कमळ्या, लुगडं नेसतूस काय? येवढा येळ?"

पडवी हसायची. कमळ्याही हसायचा. पण त्यानंतर तो मला घेऊन जांभळीच्या आड जाऊ लागला आणि घाईघाईने उभ्यानेच बांधू लागला.

एका सकाळी वेटोळं आत गेलेलंच नव्हतं आणि त्याने त्याच्यावरच मला आवळलं. जी गादी आतडं आत ठेवायला केली होती, तीच त्याला फटीच्या काठावर चिरडू लागली. बाजाराच्या चढावर कमळ्याने दांडी टाकली, खाली बसला आणि ओकला. सखाने मला सोडलं. गाठ सुपारीसारखी टणक झाली होती.

"थांब, मी सारतो आत," म्हणत सखाने अंगठा रोवला.

"नको दाबू रं. जीव जाईल माजा."

फटीत आवळलेल्या आतड्याचं रक्त अडतं. ते आधी निळं पडतं, मग काळं, आणि मग मरतं. जोराने दाबलं तर फाटूही शकतं. हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. पण सखाने बांबूला घोंगडी बांधली, दोस्ताला माझ्यासकट झोळीत घातलं आणि दुसऱ्या गड्याला घेऊन नेरळपर्यंत डोंगर उतरला. वाडीतून आवडी धावत आली. नेरळहून आगगाडीने कर्जत. कर्जतच्या एका लहान दवाखान्यात डॉक्टरांनी गाठ पाहिली. वारा सरला का, उलटी किती वेळा झाली, एवढंच विचारून ते हात धुवायला गेले.

मला खिळ्याला अडकवलं होतं. परिचारिका भागूबाईंनी कमळ्याच्या नाकावरच्या फडक्यावर क्लोरोफॉर्मचे थेंब सोडले. डॉक्टरांनी जांघेवर छेद घेतला, आवळलेली कड कापून सैल केली आणि वेटोळं बाहेर घेतलं. ते पिकल्या जांभळासारखं काळं होतं.

"मेलं का हो?" भागूबाईंनी हळूच विचारलं.

"बघू. गरम मिठाच्या पाण्याची फडकी द्या."

त्यांनी फडकी ठेवली आणि सगळे थांबले. रंग परतला आणि आतडं हललं तर ते जिवंत. पुन्हा पोटात ठेवता येतं. नाहीतर मेलेला तुकडा कापून दोन्ही टोकं जोडावी लागतात, आणि आमच्या या काळात त्यातून फार थोडे वाचतात. दाराबाहेर आवडी सखाला विचारत होती, "तुला ठावं व्हतं का रं, त्याला काय व्हतंय त्ये?" सखा घोंगडीची घडी घालत राहिला.

फडकी बदलली. पुन्हा बदलली. काळ्यात लाली आली, मग वेटोळं गांडुळासारखं सरकलं. बोटाएवढा एक डाग तेवढा काळाच राहिला. डॉक्टरांनी तो आत दुमडून वरून शिवला, आतडं पोटात ठेवलं आणि भिंतीची फट टाके घालून बंद केली.

कमळ्या जगला. पण ओझं उचलायला मनाई झाली, आणि रिक्षाच्या दांडीवर दुसरा गडी आला. आवडी एकटीच मोळ्या वाहू लागली. मी वळचणीला लटकत राहिलो, तेलाविना कडक होत. माझी गरज उरली नाही, हे मला बरंच वाटत होतं.

नवा हंगाम तोंडावर आला तेव्हा सखा वाडीत आला. उंबऱ्याशी बसून माती उकरू लागला.

"कमळ्या, त्यो पट्टा हाय का रं अजून?"

"कशाला?"

"मलाबी हाय. लय दिस झालं."

"आनि मला लुगडं म्हनत व्हतास?"

"म्हनूनच म्हनत व्हतो."

"चल, दवाखान्यात नेतो तुला. आत्ता चल."

"हंगाम सरू दे रं. जागा जाईल माजी. तुजी गेली ना?"

कमळ्या उठून वळचणीपाशी गेला. त्याने मला काढून दिलं. "निजूनच बांद," एवढं मात्र तीनदा सांगितलं.

मित्रांनो, आता मी सखाच्या कमरेला आहे. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. सकाळी उठायला कुणी वेळ लावत असेल, हात पोटाशी नेत असेल, तर त्याला हसू नका. काय दुखतंय ते विचारा, आणि त्याचा हात धरून त्याला न्या.

आज पडवीत गाठ लवकर आत गेली नाही. बाहेरून हाक आली, "सखा, निजलास का रं?" कुणीतरी हसलं. सखा उठला आणि उभ्यानेच त्याने माझा बंद ओढला. आता रिक्षाची दांडी उचलली आहे. पुढे बाजाराचा चढ आहे.