सांडव्यातलं पोतं

मातीची भिंत कोरडी असली की हाताला खरखरीत आणि जराशी उबदार लागते. ओली असली की तळवा थंड पडतो आणि उचलताना किंचित चिकटतो. त्या सकाळी माझा तळवा चिकटला.

मुलगा मागे उभा होता. तो ठेकेदार, मी गवंडी. हे घर आम्हीच बांधलं होतं.

"काय वाटतं, बाबा?"

"गुडघ्यापर्यंत चढलंय. खालून वर येतंय."

"तेच म्हणतोय मी. कुणीतरी बुडाशी पाणी ओततंय."

मी भिंतीच्या कडेने चालत गेलो. ओलीचा काळपट पट्टा बैठकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होता, कुणी फूटपट्टी लावून आखल्यासारखा.

त्या घराला बाहेरून एक तार येत नाही की एक नळ येत नाही. टेकडीच्या माथ्यावर एकटंच उभं आहे. छपरावर सोलरच्या पाट्या, त्यांची वीज साठवायला मागे बॅटऱ्यांची खोली. न्हाणीचं पाणी बोरूच्या गवताच्या वाफ्यातून गाळून बागेला जातं. उन्हाळ्यात गारवा यावा म्हणून दोन पुरुष खोल पाइप पुरलेत, त्यातून वारा थंड होऊन घरात येतो. बैठकीच्या खाली पावसाच्या पाण्याची टाकी, एवढी मोठी की आत गिलावा करताना मला माझा खोकला दोनदा ऐकू यायचा. आणि भिंती हातभर जाड, साच्यात माती भरून धुमसाने ठोकून केलेल्या. मालकीणबाईंना सिमेंट नजरेला पडलेलं चालत नव्हतं. टाकीला चाललं, कारण ते जमिनीखाली होतं.

माझी धाकटी बहीण या घराची राखण करते. साफसफाई, स्वयंपाक, बॅटरीच्या काट्यावर लक्ष, सगळं तीच बघते. पहिल्या दिवशी मी तिला घर फिरून दाखवलं. संडासात पाण्याऐवजी भुसा टाकायचा आणि त्याचं पुढे खत होतं, हे ऐकून ती दारातच बसली हसत.

"दादा, लहानपणी आपण मातीच्या घरात राहिलो, पागोळ्यांचं पाणी भरलं आणि परसाकडला जाऊन राख टाकली. मला वाटायचं आपण गरीब आहोत. आपण तर पुढारलेले होतो की रे!"

नवरा गेल्यावर अकरा वर्षं ती या दारातून त्या दारात फिरली. आधी दिराकडे, मग आमच्याकडे, मग भाचीकडे. आमच्याकडे चार वर्षं होती. माझी सून तिला कधी वाकडं बोलली नाही, फक्त तिची पत्र्याची पेटी तीनदा हलवली. एकदा जिन्याखाली, एकदा गॅलरीत, एकदा आमच्या पलंगाखाली. या घरात बॅटऱ्यांच्या मागे तिला एक खोली मिळाली. दहा बाय दहाची, पण कुलपाची. किल्ली ती गळ्यात दोऱ्याला बांधते, अंघोळीला जातानाही काढत नाही.

मालकीणबाई बाहेर आल्या, मागोमाग बहीणही. बाई वाईट नाहीत. कामगारांना पाणी विचारतात, चुकलं तर माफी मागतात. पण घरावर त्यांचा जीव असा की खुर्ची सरकवली तरी त्यांच्या कपाळाला आठी पडते.

"मावशी, तुम्ही या भिंतीपाशी पाणी टाकता का?"

"टाकते की," बहीण म्हणाली. "फरशी पुसलेली बादली. दोन झाडं लावलीत तिथं. थेंब वाया घालवू नका, असं तुम्हीच म्हणता ना?"

"भिंतीपासून तीन हात लांब, असंही म्हटलं होतं."

बहिणीने पदराला हात पुसले.

"तेच कारण, मॅडम," मुलगा लगेच म्हणाला. "मातीला रोजचं पाणी म्हणजे..."

बाईंनी डोळे मिटले आणि उघडले. "रविवारी माणसं येणार आहेत घर बघायला. त्यांना अशीच तीन घरं हवी आहेत. आणि मी त्यांना ही भिंत दाखवू?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मावशी, मला वाईट वाटतंय. पण इथे घर समजून घेणारं माणूस लागतं. रविवारपर्यंत तुम्ही तुमची दुसरीकडे सोय बघा."

बहिणीने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीच्या बुडाकडे बघितलं.

एका बादलीने भिंत ओली होते ती बादलीएवढी. भिंतीच्या पूर्ण लांबीला सारखी ओल चढत नाही, हे कालच्या गवंड्यालाही कळतं. मला तर पन्नास वर्षं झालीत. तरी मी बोललो नाही, कारण मला दुसरीच शंका आली होती आणि तिच्यावर बोट ठेवायची मला हिंमत नव्हती.

मी घराच्या मागे उतारावर गेलो. टाकी तोंडोतोंड भरली की जास्तीचं पाणी बाहेर पडायला तिथे एक पाइप आहे. आम्ही त्याला सांडवा म्हणतो. नऊ दिवस पाऊस लागून होता. टाकीचा काटा पूर्ण भरल्याचं दाखवत होता. गेल्या वर्षी पाऊस ओढला होता, टाकी कमरेच्या वर भरलीच नव्हती. यंदा पहिल्यांदाच सांडवा वाहायला हवा होता.

पाइपाच्या तोंडाला कोळ्याचं जाळं होतं. शाबूत.

मी तिथेच दगडावर बसलो.

टाकीचा गिलावा करताना पाइपात माल पडू नये म्हणून आम्ही पाइपाच्या तोंडात पोत्याचा बोळा कोंबतो. प्रत्येक बोळ्याला सुतळी बांधून तिचं टोक वर सोडायचं आणि काम संपलं की एकेक सुतळी ओढायची. जेवढे बोळे आत गेले, तेवढे बाहेर आले पाहिजेत. माझ्या उस्तादाने मला थोबाडीत मारून शिकवलं होतं. पुढे मी पंचवीस-तीस जणांना शिकवलं, न मारता.

त्या दिवशी चार आत गेले आणि तीन बाहेर आले. चौथ्याची सुतळी माझ्याच थापीखाली गिलाव्यात गाडली गेली होती. वरून मुलगा ओरडत होता, "बाबा, वर या! स्लॅबचं काँक्रीट येऊन थांबलंय, गाडी तासाभरात परत जाईल." बोळा काढायचा तर ओला गिलावा हातभर फोडायला लागणार होता. मी म्हटलं, जाऊ दे, टाकी भरली की पाण्याच्या रेट्याने निघेल.

पोतं भिजलं की फुगतं आणि घट्ट बसतं. तेही मला माहीत होतं.

सांडवा बंद, म्हणून पाणी वर चढत गेलं. जिथे माझा गिलावा संपतो आणि स्लॅब टेकतो, त्या सांध्यापर्यंत गेलं आणि तिथून भिंतीच्या बुडात शिरलं.

गाडीपाशी मुलाला सांगितलं. त्याने ऐकलं आणि आधी विचारलं, "अजून कुणाला बोललात?"

"नाही."

"बोलू नका. सळई घालून खालून काढता येईल ना?"

"येईल."

"मग काढू. पाणी उतरेल, भिंत वाळेल, विषय संपला."

"आणि तुझी आत्या?"

"आत्या आपल्या घरी येईल. ती काय रस्त्यावर पडतेय?"

"पेटी कुठे ठेवशील तिची?"

"पेटी?" त्याला कळलंच नाही. "बाबा, तीन घरं आहेत. बारा माणसांना दोन वर्षं काम. तुमच्या एका पोत्यापायी त्यांना घरी बसवू? आणि तुमचं नाव? उद्या कोण हाक मारेल तुम्हाला?"

त्याच्या बोलण्यात खोट काढता आली नाही. मी हो म्हणालो. घरी जाऊन जेवलोही.

दुसऱ्या दिवशी त्याला दुसऱ्या साइटवर जायचं होतं. मीच दोन सळया जोडून, टोकाला आकडा वाकवून टेकडीवर गेलो. पाऊस थांबला होता, पण आभाळ उतरलेलं होतं. भिंतीपाशी गेलो तर बहिणीची दोन्ही झाडं उपटून कडेला टाकलेली. मुळं वर, त्यांना माती तशीच. एकाला कळी होती.

"कुणी उपटली?"

"मी," ती मागून म्हणाली. हातात केरसुणी होती. "आता कशाला ठेवू? दोन झाडांपायी मी त्यांचं एवढं घर नासवलं. रात्रभर तेच डोळ्यासमोर." मग सळईकडे बघून म्हणाली, "आणि तू हे काय घेऊन आलायस? मासे धरायला निघालास?"

"सांडवा साफ करतो."

"चल, मी धरते. तुझे गुडघे आता वाजतात, मला इथपर्यंत ऐकू येतात."

नको म्हणायला तोंड उघडलं, पण आठ हात सळई एकट्याच्याने सांभाळवत नव्हती. मी आकडा आत घातला, चाचपला, अडकवला. दोघांनी मिळून ओढलं. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा आत काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि मी मागे चिखलात बसलो. पाठोपाठ पोतं आलं, काळं, फुगलेलं, आणि त्यामागे पाणी. आधी गढूळ, मग स्वच्छ, पाइप भरून.

बहिणीने पोतं उचललं. तुटलेली सुतळी लोंबत होती. गाठीवर तिचं बोट थांबलं. दोन वेढे, मधून एक फास. आमच्या वडिलांची गाठ. ते आम्हा दोघांना एकाच दिवशी अंगणात बसवून शिकवून गेले होते. मुलाला ती कधी जमली नाही.

"दादा, ही तुझी गाठ."

मी चिखलातच बसून होतो.

"कधी कळलं तुला?"

"काल."

ती वाहत्या पाण्याकडे वळली. वाटलं, आता पोतं माझ्या तोंडावर फेकेल. फेकायला हवं होतं.

"म्हणजे माझी बादली नव्हती," ती म्हणाली.

"नव्हती."

"कालपासून मी जेवले नाही रे." एवढंच ती बोलली. मग पोतं पिळायला लागली, जणू फडकंच आहे. "हे घे आणि जाताना लांब कुठेतरी टाकून दे. पोराचं काम आहे. माझी पेटी भरून झालीय."

"रिकामी कर."

"वेडा आहेस का? सूनबाई काय म्हणेल? आणि पोरगा?"

"तुझी पेटी रिकामी कर म्हटलं ना." तिच्या हातातून पोतं घेतलं आणि वर चालू लागलो. मागून ती दादा, दादा करत होती. गुडघे वाजत होते, तेही ऐकू येत होते.

बैठकीची फरशी बाई आरशासारखी ठेवतात. मी चिखलाच्या पायांनी आत गेलो आणि त्यांच्यासमोर पोतं ठेवलं. पाणी पसरलं.

"मिस्त्री, हे काय?"

सांगितलं. चार आत, तीन बाहेर, गाडलेली सुतळी, सगळं. भिंतीला लगेच टेकू द्या, हेही सांगितलं. बूड हातभर कापून तिथे दगड भरायला हवा, नाहीतर पुढच्या पावसाचा भरवसा नाही. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मला सवय ओरडा खाण्याची.

"आणि मावशी?"

"तिचा यात काही दोष नाही. एक बादली पाणी या भिंतीला कळतही नाही."

"तुमच्या मुलाला माहीत होतं?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते आजही मला सांगता येत नाही. पण मी जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात बाईंना उत्तर मिळालं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मावशी इथेच राहतील. त्यांची माफी मी मागेन. तुम्ही मात्र आता या. दोघांपैकी कुणीही परत नको."

रविवारी माणसं आली, टेकू दिलेली भिंत बघून गेली. त्यांची तीन घरं दुसऱ्या कुणीतरी घेतली. आमची बारा माणसं पांगली, दोघं अजून वाटेत भेटली की मान फिरवतात. मुलगा मला टाकून बोलत नाही, तेवढा तो चांगला आहे. जेवायला वाढल्याचं नातीकरवी सांगतो. सून एकदाच म्हणाली, "निदान आत्याबाई सुखात आहेत म्हणायच्या."

बहीण खोलीत आहे, किल्ली गळ्यात आहे. मला तिथे जाता येत नाही आणि तिला घर टाकून निघता येत नाही. भिंतीचं बूड दुसऱ्या गवंड्यांनी कापलं, टाकीचा सांधाही त्यांनीच लिंपला. काम बरं करतात, पण बोळ्याला सुतळी बांधत नाहीत, असं तिने फोनवर सांगितलं. तिने त्यांना बांधायला लावली. गाठही शिकवली.

जोराचा पाऊस झाला की तिचा फोन येतो. हॅलोही म्हणत नाही.

"वाहतंय," म्हणते.

"पाइप भरून?"

"पाइप भरून."

मग मी विचारतो, "आणि भिंत?"

ती जरा थांबते. मला कळतं, ती तळवा लावून बघतेय.

"अजून चिकटतंय, दादा," ती म्हणते.