पाद्रीच्या पायाखालचं स्टूल

मी कारखान्याच्या गेटवरचं स्टूल बोलतोय. हसू नका! भल्याभल्यांना उंची मीच दिली आहे.

प्रार्थनामंदिरातलं एक बाक मोडलं आणि फादरनी ते एका बुटक्या फिटरला देऊन टाकलं. गेटसभेत मागच्यांना हा दिसायचाच नाही, म्हणून त्या फळ्यांतून त्याने मला ठोकून बनवलं. रविवारची प्रार्थना न चुकवणारा आणि कामगारांपुढे प्रवचनाच्या थाटात बोलणारा, म्हणून सगळे त्याला 'पाद्री' म्हणायचे. माझ्यावर चढण्याआधी तो छातीवर क्रूसाची खूण करायचा. मला वाटायचं, हा मला घाबरतो की काय!

त्याने एक नियम घातला होता. जो स्टुलावर चढेल, त्याने खालून आलेल्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय उतरायचं नाही. त्यापायी तो भर उन्हात घामाघूम होऊन उभा राहायचा, पण थाप मारून कधी सुटला नाही. म्हणून तर लोकांनी त्याला निवडून दिलं. पुढे तो प्रांताचा कामगारमंत्री झाला आणि मी पहारेकऱ्याच्या खोलीत पाण्याची बादली डोक्यावर घेऊन बसलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग मालकाने कारखाना बंद करून यंत्रं हलवायचं ठरवलं. कामगारांनी गेट अडवलं, मला बाहेर काढलं. समजूत घालायला मंत्रिसाहेब स्वतः आले. त्यांच्यासाठी मंच होता, माईक होता. पण सवय कुठे जाते? पाद्री गाडीतून उतरला, क्रूसाची खूण केली आणि थेट माझ्यावर चढला! जुने लोक एकमेकांकडे बघायला लागले. चूक त्याच्याही लक्षात आली, पण आता उशीर झाला होता.

"घरी जा. मी आहे ना," तो म्हणाला.

पुढ्यातच त्याची थोरली बहीण होती. तीही इथेच पॅकिंगला. "पोलीस येणार आहेत का रे? हो की नाही, एवढंच सांग."

त्याने उतरायला टाच उचलली आणि परत टेकवली. ते फक्त मला कळलं. "ताई, इथे नको."

"इथेच. नियम तुझाच आहे."

"येणार आहेत," तो म्हणाला. "होकार मीच दिलाय."

कुणी शिवीसुद्धा दिली नाही. अरे, निदान शिवी तरी द्यायची!

"साहेब, चला," म्हणत सचिवाने हात पुढे केला. तेवढ्यात ताईने विचारलं, "मग तू कुठे उभा राहणार?"

वळणावर पोलिसांच्या गाड्या दिसायला लागल्या. सचिव बाही ओढत होता.

तेव्हा त्याचे पाय माझ्यावरच वळले. पाठ कामगारांकडे, तोंड गाड्यांकडे. ताई पटकन खाली बसली आणि तिने मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

रेटारेटीत माझा एक पाय गेला, त्याचं मंत्रिपद गेलं. यंत्रं अजून आत आहेत आणि आम्ही अजून गेटवर आहोत. मला सरपणात तेवढं घालू नका हो, अजून कामाचा आहे मी. पाद्री माझ्याशेजारी जमिनीवर बसतो. ताई त्याच्याशी एक शब्द बोलत नाही. त्याचं जेवण मात्र रोज तीच घेऊन येते.