कोरफडकाकूंची पांढरी डबी

अगं, आधी ऐक तर! मधे बोलू नकोस.

आमची ताई वाहतूक पोलीस, दिवसभर चौकात. तिची कातडी मुळातच कांद्याच्या सालीसारखी, त्यात तो धूर! गाल सोलून निघाले. साहेब म्हणाले, "महिनाभर बघतो, नाहीतर ऑफिसात बदली." आणि ताईचा तर चौकात जीव!

मग खालच्या मजल्यावरच्या कोरफडकाकूंनी डबी दिली. घरी केलेलं मलम, झाकणावर स्वतःच्या अक्षरात 'फक्त झाडपाला'. चार दिवसांत गाल नितळ! आई खूश, ताई खूश. मी मात्र... चार दिवसांत? झाडपाल्यानं?

म्हणून दर रविवारी काकूंकडे कोरफड सोलायला जायला लागले. पातेल्यात गर, हिरवागार कडुलिंबाचा पाला, झेंडूच्या पाकळ्या, सगळं डोळ्यांदेखत. पण गार झालं रे झालं की, "जा गं, कुंड्यांना पाणी घालून ये." आले की मलम पांढरं!

"काकू, हिरव्याचं पांढरं कसं झालं?"

"फेटलं की होतं. तू फार चौकशा करतेस हं!"

काकू काही वाया घालवत नाहीत, साली, चोथा, सगळं कुंडीत. काल मी सालींची बादली उपडी केली आणि काय निघावं? पाच ट्यूबा! पार पिळून चपट्या केलेल्या.

एक घेऊन तडक औषधाच्या दुकानात. दुकानदारानं वाचली आणि चष्माच काढला. "हे स्टेरॉइड आहे. आधी चेहरा छान दिसतो, मग कातडी अजून पातळ होते. आणि एकदम बंद करू नका, दुप्पट भडकेल. डॉक्टरांना दाखवा."

परत काकूंकडे. "ट्यूबा कसल्या हो?"

"टाचांना लावते मी."

मी टाचा बघितल्या. भेगाच भेगा! यांना लावलं म्हणे!

वर आले तर ताई आरशासमोर. हल्ली गाल झाकायला फडकं लागत नाही तिला. "उद्या साहेब चेहरा बघणार गं! डबी संपली, काकूंकडून दुसरी आण ना."

ट्यूब माझ्या खिशात. आता सांगावं, तर हिचा स्वभाव माहितीये ना? रागानं सगळं फेकून देणार, सकाळपर्यंत गाल पेटणार, चौक गेला. गुपचूप नवी डबी आणून द्यावी, तर रात्री परत तेच थापणार.

"अशी काय बघतेस? जा ना!"

खरं सांग, तू काय केलं असतंस?