उस्तादांचा कान

सकाळपासून उस्तादांनी त्या बुटक्या, दोन सीटच्या गाडीभोवती इतक्या चकरा मारल्या, की फरशी झिजली असेल. जुना जड सायलेन्सर काढून पातळ, हलका पाइप बसवायचा, एवढंच काम. पण हा माणूस एका जागी बसेल तर शपथ!

गॅरेज चालायचं ते उस्तादांच्या कानावर. रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं पाइपच्या सांध्यापाशी, डोळे मिटलेले. गळती कुठं फुसफुसतेय ते अचूक सांगणार. त्या नळीला तीस वर्षांत दुसऱ्या कुणी हात लावलेला नव्हता. आणि तीन महिन्यांपूर्वी डावा कान गेला, उजवाही त्याच वाटेवर. बायकोलासुद्धा त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता. टीव्हीच्या आवाजावरून ती करवादली, की टीव्हीच बिघडलाय म्हणायचे. गिऱ्हाइकांना कळलं तर संपलं, हीच धास्ती.

सांधे त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या मेहुण्यानं जोडले होते. उस्तादांनी प्रत्येक नट दोनदा आवळला, मग तिसऱ्यांदा. रस काढताय का, म्हणून मेहुण्यानं विचारलं, तर त्याच्यावरच खेकसले.

दुपारी गाडीची मालकीण आली. दातांची डॉक्टर, हातात किल्ली घेऊन उतावीळ झालेली. गाडी घुमली पाहिजे, पण गळती नको, एवढंच तिचं म्हणणं. तिनं इंजिन सुरू केलं. उस्ताद गाडीखालच्या खड्ड्यात उतरले, मागोमाग टॉर्च घेऊन मेहुणा. उस्तादांनी नळी कानात घातली, डोळे मिटले.

तेवढ्यात वर फोन वाजला. बोलता यावं म्हणून डॉक्टरीणबाईंनी इंजिन बंद केलं.

उस्ताद एका सांध्यावरून दुसऱ्यावर सरकत राहिले. शेवटी मान डोलावली. "एकदम सुरात आहे."

मेहुणा त्यांच्या उजव्या कानापाशी वाकून म्हणाला, "भाऊजी, गाडी बंद आहे."

आता हा वर जाऊन गावभर करणार, असंच उस्तादांना वाटलं. पण मेहुण्यानं खालूनच ओरडून सांगितलं, की उस्तादांना आणखी एकदा ऐकायचंय, गाडी चालू करा.

खड्डा थरथरला. या वेळी ते पायांना कळलं. उस्तादांनी कानातली नळी काढली, बाहीला पुसली आणि मेहुण्यापुढं धरली.

"तू ऐक," ते म्हणाले. "आणि मला सांग. जरा मोठ्यानं."