बंद लाइन

भाविकाने कमरेचा पट्टा खांबाभोवती फिरवला, हुक अडकवला आणि ती तिथेच थांबली. उजवा पाय खांबाच्या पहिल्या पायरीवर होता, डावा अजून जमिनीवर. रबरी हातमोज्यांच्या आत बोटं घामाने निसरडी झाली होती.

"चढ गो," मागे उभा असलेला कमळाकर म्हणाला. "वरचा जोड ढिला झालाय, तेवढा आवळायचा नि खाली यायचं. पाच मिन्टाचं काम हाय."

कमळाकर या भागातला जुना वायरमन. चौतीस वर्षं खांबांवर चढउतार केलेला. भाविका त्याच्या हाताखाली येऊन अजून महिना झाला नव्हता.

धसईच्या पुढे गायरानावर नवा सौर प्रकल्प उभा राहिला होता. जमीन सरकारने दिली, पॅनल एका खाजगी कंपनीने बसवले, तारा वीज खात्याने ओढल्या. त्याच करारात इथल्या मुलींना लाइनवरचं काम शिकवायचंही ठरलं. मुरबाडला सहा महिने शिकलेल्या बाराजणींपैकी खांबावर चढायला तयार झाल्या तिघी. भाविका त्यांतली एक. चार वाजता उद्घाटन होतं आणि पाहुणे ठाण्याहून निघाले होते. मंडपात माइकची चाचणी चाललेली इथवर ऐकू येत होती.

"काय प्रॉब्लेम आहे?" कंपनीचा इंजिनिअर सुयोग घड्याळ बघत आला. "सबस्टेशनने अकरालाच लाइन बंद केलीय. काम करायचं परमिट माझ्या फोनवर आहे."

"हो सर."

पण पाय उचलत नव्हता. ती सात-आठ वर्षांची असताना भाताच्या बांधावर तुटलेली तार पडली होती. त्या तारेवर पाय पडून एक म्हैस जागीच मेली. सगळी वाडी दुपारभर लांब उभी होती आणि कुणीही जवळ जात नव्हतं. तार तर अगदी साधी दिसत होती. कपडे वाळत घालायच्या तारेसारखी.

"काका, मला भीती वाटते," ती म्हणाली.

सुयोगने तोंड फिरवलं. कमळाकर मात्र रागावला नाही. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"पयल्या येळेस समद्यांनाच वाटते. सोड पट्टा, मी जातो."

तिने हुक काढला. कान तापले होते. कमळाकरने सवयीने पट्टा बांधला, चप्पल काढून बाजूला ठेवली आणि पायरीला हात घातला. हातमोजे घ्यायचं त्याच्या मनातही आलं नाही.

"काका, थांबा. तारेत वीज आहे का, आधी टेस्टर लावून बघू."

"लाइन बंद हाय गो. शाळंत शिकवतात ते समदं इथं करत बसलो तर संध्याकाळ व्हईल."

"दोन मिनिटं. मग चढा."

"भाविका, पाहुणे शहापूर सोडून पुढे आलेत," सुयोग म्हणाला.

ती गाडीकडे धावलीच. टेस्टरची काठी तीन तुकड्यांत होती. जोडताना एक तुकडा हातातून दोनदा निसटला. कमळाकर एव्हाना तीन पायऱ्या वर गेला होता. तिने खालूनच त्याच्या पँटचा पाय धरला. जुन्या माणसाच्या पँटला असं हात घालणं तिच्या हातून एरवी कधी झालं नसतं.

"काय करतेस गो?"

"खाली या, काका."

तिचा आवाज ऐकून तो उतरला. भाविकाने काठी उभी केली. टोक तारेवरून दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा टेकलं.

टेस्टर वाजू लागला. टोकावरचा लाल दिवा उघडझाप करत होता.

माइकवर कुणीतरी एक, दोन, तीन म्हणत होतं. सुयोगने सबस्टेशनला फोन लावला. आमच्याकडून बंदच आहे, तिकडून उत्तर आलं. मग त्याने प्रकल्पाच्या कंट्रोल रूमला लावला. तिथला माणूस शांतपणे सांगत होता की, लाइनचं दुसरं टोक काल प्रकल्पाच्या नव्या सबस्टेशनला जोडलंय, आज साडेअकराला चाचणीसाठी तिकडून पुरवठा सुरू केलाय.

"आम्हाला कुणी सांगितलं नाही," सुयोग म्हणाला.

"तिन्ही ऑफिसांना मेल गेलाय, सर."

दुसरी बाजू बंद व्हायला वीस मिनिटं लागली. भाविकाने तिन्ही तारांना पुन्हा टेस्टर लावला, मग चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जावी म्हणून अर्थिंगच्या साखळ्या अडकवल्या. कमळाकर करवंदीच्या जाळीशी बसला होता. खिशातून बिडी काढली होती, पण काडी पेटत नव्हती. चौथी काडी मोडल्यावर त्याने बिडी तशीच परत ठेवली.

"मी चढते," भाविका म्हणाली.

त्याने मान हलवली. वर बघितलं नाही.

भीती तेवढीच होती. प्रत्येक पायरीवर थांबून तिने श्वास घेतला, वर पोचल्यावर डोळे मिटून तारेला हात लावला आणि मगच पाना काढला. ती उतरली तेव्हा सुयोग हळू आवाजात म्हणाला, "हे आपल्यातच राहू दे. आज तरी."

समारंभ वेळेवर सुरू झाला. मोठ्या साहेबांनी बटण दाबलं. शासन, कंपनी आणि ग्रामस्थ यांच्यातल्या समन्वयाचं हे यश आहे, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. मग चौतीस वर्षांच्या विनाअपघात सेवेबद्दल कमळाकरचं नाव पुकारलं. त्याला शाल घातली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

भाविका बायकांच्या रांगेत आपल्या आईच्या, भागीच्या शेजारी बसली होती. लेकीचा कार्यक्रम म्हणून भागी वाडीवरून चालत आली होती.

कमळाकरने माइक धरला.

"आज माझ्या हाताखालची पोरगी घाबरली," तो म्हणाला.

मंडपात हशा पिकला. पुढच्या रांगेतले पाहुणेही हसले. सुयोग स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

हसू ओसरेपर्यंत कमळाकर थांबला.

"मी नाय घाबरलो," तो म्हणाला. आणखी काही सांगायला त्याने तोंड उघडलं, मग माइक शेजारच्याच्या हातात देऊन तो पायऱ्या उतरला. शालीचं एक टोक मागे फरफटत होतं.

लोकांनी ती बढाई समजून पुन्हा टाळ्या वाजवल्या. भागी वाजवत नव्हती. ती लेकीकडे बघत होती.

"घाबरलीस?" तिने विचारलं.

"हो."

भागीने भाविकाचा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि टाळ्या संपल्या तरी सोडला नाही.