भिंतीवर टांगलेल्या अर्जाची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना अर्ज आहे. तसा यंदाच्या जूनमधलाच, पण उत्तर आले नाही की अर्ज लवकर म्हातारा होतो. माझे अक्षर वळणदार आहे, शुद्धलेखन निर्दोष आहे आणि माझ्यामुळे आजवर कोणाचेही काम झालेले नाही.

तेल्हाऱ्याच्या रस्त्यावरच्या एका गावात, वामनराव गुरुजींच्या ओट्यावर माझा जन्म झाला. गावाचे सगळे अर्ज गुरुजीच लिहीत. वच्छलाबाई आली आणि उभ्यानेच म्हणाली, "गुरुजी, सकाळची बस आपल्या फाट्यावर थांबवा म्हनून लिहा. माही रागिणी अकरावीत गेली. तिचा बाप म्हन्ते, गाडी नाही तं कॉलेज नाही."

एवढेच लिहिले असते तर मी आज सुखाने रद्दीत असतो. पण गुरुजींनी चष्मा पुसला. "असं एकदम मांगत नसते, वच्छला. कोनाच्या घरी गेलं तं आधी पानी पेतो का नाही?"

"पेतो. पन गाडी चुकेपर्यंत नाही पेत."

मग मला सजवणे सुरू झाले. पहिल्या परिच्छेदात बस आगाराची भरभराट. दुसऱ्यात चालक-वाहकांच्या सौजन्याबद्दल कृतज्ञता. त्या बसमध्ये गावातले कोणी कधी बसले नव्हते, कारण ती थांबतच नव्हती. तिसऱ्यात पाऊसपाणी आणि साहेबांच्या कुटुंबाचे आरोग्य. सर्वांत खाली, सहीला खेटून, मागणे आले: 'सकाळच्या गाडीची आमच्या फाट्यावरही कृपादृष्टी असावी.'

आगाराचे नाव मी सांगत नाही, मला तिथेच राहायचे आहे. तिथल्या साहेबांनी पहिला परिच्छेद वाचला आणि ते भारावून खुर्चीतून उठले. त्यांना आजवर फक्त तक्रारी आल्या होत्या. पुढचे त्यांच्याने वाचवले नाही. "महादेवराव, कोणीतरी आपले कौतुक केले. फ्रेम करा," त्यांनी आपल्या कारकुनाला सांगितले. फ्रेमची पट्टी नेमकी माझ्या शेवटच्या ओळीवर बसली. माझ्यातले एकमेव कामाचे वाक्य लाकडाखाली गेले.

स्वातंत्र्यदिनी मला हार घातला. बस थांबली नाही. रागिणी घरीच राहिली आणि दिवाळीनंतर कापूस वेचायला जाऊ लागली.

आज ती स्वतः आगारात आली. हजेरी नसल्यामुळे महिनाअखेर नाव काढू, असे कॉलेजने कळवले होते. तिने एका ओळीचा अर्ज पुढे केला: सकाळची बस आमच्या फाट्यावर थांबवा, मला कॉलेजला जायचे आहे.

महादेवरावांनी तो दोन बोटांत धरला. "हे काय व्हय पोरी? ना आदर, ना आभार."

"काका, काम तं समजलं ना?"

"एका झटक्यात समजलं. असं चालत नाही. तो भिंतीवरचा अर्ज पाह्य. तसा लिहून आन."

ती माझ्यासमोर आली, वरचे अर्जदाराचे नाव वाचून थबकली. "हा तं माह्या मायचा अर्ज व्हय. याच्यात गाडी कुठी हाय?"

महादेवरावांनी मला पहिल्यांदाच वाचले. "गाडीचं तं काही नाही," ते म्हणाले. "म्हंजे तुमी मांगितलीच नाही. आता असाच लिही, अन् खाली जागा उरली तं गाडीचं टाक."

मित्रांनो, पत्र लिहाल तेव्हा काय पाहिजे ते पहिल्या ओळीत लिहा. नमस्कार नंतरही करता येतो. आणि या बाजूला आलात तर मला भिंतीवरून उतरवा, काच फोडा, पण जरा लवकर या. पोरगी माझा दुसरा परिच्छेद आपल्या कागदावर उतरवून राहिली आहे.